ऐकलं कोणाकडून?

"चहा मस्त झाला," असं सरांच्या घरी कोणी म्हटलं, की ते लगेच स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे. "चहा हिनं केला. आलं किसायचं नाही, ठेचायचं, हे हिच्या काटोलच्या मावशीचं. मावशीले कोणं शिकवलं ते मले माहीत नाही."

आतून वहिनी म्हणायच्या, "आन् दूध कोण्या म्हशीचं, ते राहिलं!"

"पॅकेटचं आहे," सर शांतपणे म्हणायचे. "म्हणून म्हैस सांगता येत नाही."

पाहुणा नवा असला तर हसायचा. जुना असला तर मुकाट्यानं चहा प्यायचा. मी जुना होतो. रायपूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं इतिहास शिकवायचो. ते माझ्याहून वयानं आणि नोकरीनं मोठे. दोघांचीही घरं विदर्भातून आलेली, त्यांचे वडील रेल्वेत, माझे पोस्टात. त्यामुळे वर्गात आणि मीटिंगमध्ये हिंदी चालली तरी टपरीवर आम्ही आपल्या भाषेवर यायचो.

मुलं त्यांना 'फुटनोट सर' म्हणत. हे नाव कोणी ठेवलं याचा सरांनी बराच शोध घेतला होता. रागावण्यासाठी नाही, श्रेय देण्यासाठी. शेवटी तो मुलगा सापडला, पण भीतीनं त्यानं साफ नाकारलं. सर हळहळले. "पाहा, चांगली गोष्ट अनाथ झाली," म्हणाले.

आमचे एक जुने प्राचार्य वारले तेव्हा शोकसभा झाली. प्रत्येक वक्त्यानं उठून सांगितलं की त्यांच्या जाण्यानं एक पोकळी निर्माण झाली आहे आणि ती कधी भरून निघणार नाही. सर उठले आणि म्हणाले, "मैं जो पहला वाक्य कहने जा रहा हूँ, वह पिछली शोकसभा से लिया हुआ है. दूसरा मेरा है." मग त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, ते पोकळीचंच होतं. दुसरं वाक्य असं होतं की दिवंगत प्राचार्य शिपायालाही 'आप' म्हणत. पुढच्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांच्या पत्नी त्या एकाच वाक्याला रडल्या. पोकळीला कोणी रडलं नव्हतं.

वर्गात त्यांचा एक नियम होता. निबंध असो की प्रकल्प, शेवटी एक ओळ लिहायचीच: 'इसमें मेरा क्या है?' पुस्तकातून घेतलं ते पुस्तकाच्या नावानं, आजोबांकडून ऐकलं ते आजोबांच्या नावानं, आणि हे सगळं ज्याचं त्याला देऊन टाकल्यावर जे उरेल ते या ओळीत. मुलं या ओळीला परीक्षेपेक्षा जास्त घाबरत. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे तयार प्रकल्प मिळत. विषय सांगायचा, वरचं पान आपल्या नावाचं लावून घ्यायचं. सर एकदा स्वतः त्या दुकानात गेले.

"भैया, इन सबकी मूल प्रति कौन सी है?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "सर, मूल तो हमने भी कभी नहीं देखी. हमने दुकान ली, तब भी झेरॉक्स ही थी."

हे उत्तर सर पुढे कित्येक वर्षं वर्गात सांगत, अर्थात दुकानदाराच्या नावासकट. त्यामुळे नव्या मुलांना दुकानाचा पत्ता पहिल्याच आठवड्यात कळायचा आणि धंदा वाढायचा.

एका मुलानं मात्र शेवटच्या ओळीत लिहिलं, 'इसमें मेरी सिर्फ़ लिखावट है.' स्टाफरूममध्ये ते पान हातोहात फिरलं, सगळे हसले. मीही. सरांनी त्या मुलाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले. मी विचारलं, "सर, त्यानं तं सगळंच उतरवलं आहे."

"हाव. आन् तसं सांगितलं आहे. बाकीच्यांनी तेच उतरवून खाली लिहिलं, 'मेरे विचार'. आता तूच सांग, मार्क कोणाले द्यायचे?"

मी ही गोष्ट घरी बायकोला सांगितली ती सरांचं नाव न घेता. तिला ती फार आवडली. मी शहाणा आहे, असं तिचं मत झालं. सुरुवात अशीच होते.

मग राज्य नवं झालं आणि रायपूर एकाएकी राजधानी झालं. पाट्या बदलल्या. इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं. ज्यांना काल भाड्यानं घर देताना लोक दहा प्रश्न विचारत, ते आज साहेब झाले. राज्य नवं असलं तरी इतिहास जुना लागतो, आणि तोही लवकर लागतो. दर विभागाची, दर संस्थेची स्मरणिका निघू लागली. प्रत्येक स्मरणिकेत सुरुवातीला मंत्र्यांचे फोटो, मग शुभेच्छा, मग जाहिराती, आणि जागा उरलीच तर इतिहास. तो लिहायला आम्हा लोकांना मागणी आली. आम्ही सगळे एकमेकांचं बघून लिहू लागलो.

या काळात सरांना एक राजा सापडला. एका स्मरणिकेत त्यांनी वाचलं: 'स्वर्गवास के पश्चात राजा ने यह तालाब खुदवाया.' त्यांना वाटलं छपाईची चूक असेल. दुसऱ्या स्मरणिकेत तेच. तिसरीतही राजा आधी मेला होता आणि मग त्यानं तलाव खोदला होता. सर स्टाफरूममध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "मेल्यावरही काम करून राहिला हा माणूस. नाही तं आपल्या इथं लोक जिवंतपणी करत नाहीत."

माग काढत काढत ते एका जुन्या पुस्तिकेपर्यंत पोचले. तिथे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना मधली एक ओळ गळली होती, आधीच्या आवृत्तीत ती होती. तलाव राणीनं खोदवला होता, राजाच्या मागे, त्याच्या आठवणीत. छापणाऱ्याच्या एका चुकीनं राणी गेली, आणि तिच्यानंतर जितके विद्वान आले त्यांतल्या एकानंही थांबून विचारलं नाही की मेलेला माणूस कुदळ कशी धरेल. सरांनी प्रत्येक संपादकाला भेटून हे सांगितलं. एक संपादक फार सज्जन होते. त्यांनी सरांना पेढा दिला आणि म्हणाले, "सर, अब सब जगह यही छपा है. तो अब यही सही है."

सर पेढा न खाता परत आले. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. त्या वाक्यावर आपलं पुढचं सगळं आयुष्य उभं राहणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सरांचं स्वतःचं काम वेगळं होतं. गुढियारीत, मालगाड्यांच्या धक्क्याच्या मागे, हमालांचे जे पारे आहेत, म्हणजे वस्त्या, त्यांच्यावर ते कित्येक वर्षं लिहीत होते. राजाराणी नाही, देवळं नाही. त्यामुळे त्यांना कोणी घाई करत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर जायचे, धक्क्याजवळ मुर्रा, म्हणजे मुरमुरे, विकणाऱ्या एका म्हातारीपाशी बसायचे. सगळे तिला 'दाई' म्हणत, तिकडे आईला दाई म्हणतात. ती सांगायची आणि सर ऐकायचे.

आणि कॉलेज सुटल्यावर फाटकासमोरच्या टपरीवर सर मला सांगायचे. समोर चहा आणि भजी असायची. "आज दाईनं काय सांगितलं माहीत आहे?" अशी त्यांची सुरुवात व्हायची.

दाईनं सांगितलेल्या गोष्टींत सगळ्यांत मोठी होती ती ही. जुन्या काळी धक्क्यावर नवा माणूस कामाला आला, की टोळीचा मुखिया त्याला नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. पहिला प्रश्न एकच: 'कोणाच्या सांगण्यावरून आलास?' नव्या माणसानं टोळीतल्या कोणाचं तरी नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं पुढे येऊन म्हणायचं, 'हव, मी सांगितलं.' त्यानंतर नवा माणूस पळाला, पोतं फोडलं, भांडण केलं, तर आधी त्या सांगणाऱ्याला जाब. नाव न सांगता आलेल्या माणसाला पोत्याला हात लावू देत नसत. त्या त्या सांगणाऱ्यांभोवती माणसं वसत गेली, आणि पारे तसे झाले.

"आता सांग," सर म्हणाले, त्यांच्या हातातलं भजं तसंच राहिलं होतं, "हा संदर्भ नाही तं काय आहे? आपण पोट्ट्यांले शिकवून राहिलो आन् त्यांले समजत नाही. तिथं अनपढ माणसाले पोतं उचलायच्या आधी संदर्भ द्या लागे."

मी मान हलवली.

तोंडी ऐकलेल्या गोष्टीचाही संदर्भ द्यावा लागतो, असं म्हणणारे आमच्यात ते एकटेच होते. त्याची त्यांनी एक रीत ठरवली होती. सांगणारा कोण, जागा कोणती, तेव्हा काय चाललं होतं आणि ऐकणारा कोण. हे सगळं ते लिहायचे. मी एकदा विचारलं, "ऐकणाऱ्याचं नाव काहून पायजे सर?"

"सांगणारा मेला तं? मंग ऐकणाराच साक्षीदार राहते ना भाऊ."

त्या सुमारास नव्या राज्यात नव्या जागा निघाल्या. माझी बढती अडली होती, कारण माझ्या नावावर छापलेलं असं काही नव्हतं. एक नवी शोधपत्रिका निघत होती आणि तिचे संपादक लेखांच्या शोधात होते. एका रविवारी मी बसलो आणि दाईची, मुखियाची, पाऱ्यांची सगळी हकिकत लिहून काढली. अडखळलो नाही. सर सांगायचेच इतकं नीट. फक्त सर कुठे आले नाहीत. जिथे जिथे त्यांचं नाव यायला हवं होतं तिथे मी लिहिलं, 'ऐसा पाया गया है.' मला तेव्हा हे लबाडीचं वाटलं नाही. विद्वत्तेचं वाटलं.

लेख छापून आला. सरांनी तो स्टाफरूममध्ये, माझ्यासमोर बसून, शेवटपर्यंत वाचला. मी कपाट उघडून त्यात काही तरी शोधत राहिलो. काय शोधत होतो ते मला आजही माहीत नाही.

"चांगलं लिहिलं रे," सर म्हणाले. "पण हे 'पाया गया है' लय वेळा आलं. कोणाले पाया गया? वाटेत पडलं होतं का?"

मी कपाटातच बोललो, "पुढच्या वेळी बघतो सर."

"आन् एक. दाई अभनपूरची नाही. सासर अभनपूरचं, माहेर राजिमकडचं. मले पहिल्यांदा चुकीचं समजलं, तेच मी तुले सांगितलं. माझ्यामुळे तुझ्या लेखात चूक गेली." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "माफ करजो."

चोरी करणाऱ्याची माफी मागणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. ते टोमणा मारत असते तर मी कदाचित त्याच दिवशी सगळं कबूल केलं असतं. पण टोमणा नव्हता, आणि मी वाचलो.

वर्षभरानं सरांचा लेख आला. तो त्यांच्या पुस्तकातला पहिला भाग होता, आणि ते पुस्तक राज्याची एक संस्था छापणार होती. हे पुस्तक म्हणजे त्यांच्या सगळ्या रविवारांचं फळ होतं. लेखात दाईची हकिकत आली तिथे खाली बारीक अक्षरात एक तळटीप होती. तिचा मजकूर असा: ही माहिती याआधी अमुक अमुक यांनी, म्हणजे मी, छापली आहे, ती पाहावी; त्यात दाई अभनपूरच्या म्हटल्या आहेत, ती चूक त्यांची नाही, माझी (म्हणजे सरांची) आहे, कारण टपरीवर मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

आधी छापलं त्याचं नाव आधी, हा त्यांचा नियम. मग ते छापलेलं कुठून का आलेलं असेना. स्वतःच्या मालाची पावती त्यांनी मला फाडून दिली. आणि त्याच तळटिपेत, अर्धविरामानंतर, सगळं खरंही सांगून टाकलं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. पण तळटीप अर्धविरामापुढे वाचणारा माणूस आमच्या कॉलेजात एकच होता, आणि तो ती लिहून बसला होता.

आता या गोष्टीतला सगळ्यांत विनोदी भाग. कॉलेजात चोरीचं लेखन पकडायला एक समिती हवी, असा धोशा सरांनीच कित्येक वर्षं लावला होता. दर मीटिंगमध्ये ते उठायचे आणि प्राचार्य म्हणायचे, "देखते हैं." नेमकी त्याच वर्षी बाहेरून तपासणी येणार होती आणि कॉलेजात अशी समिती आहे का, हा प्रश्न विचारला जाणार होता. आठवड्यात मौलिकता समिती स्थापन झाली. समिती झाली म्हणजे प्रकरणही पाहिजे, नाही तर कागदावर काय दाखवणार? कोणी तरी दोन लेख शेजारी ठेवले. माझा आधीचा, त्यांचा नंतरचा. मजकूर तोच. पहिलं प्रकरण सरांचंच निघालं.

मला 'पीड़ित पक्ष' म्हणून बोलावलं.

प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली होती. चहा होता, बिस्किटं होती. प्राचार्यांनी सरांना विचारलं, "सर, आप तो खुद फुटनोट में मान रहे हैं कि यह पहले छप चुका है."

"हाँ. छप चुका है."

"तो फिर आपके पास अपना कोई लिखित प्रमाण है?"

"कॉपी है, पर वह मेरी ही लिखी हुई है. स्रोत मौखिक है. दाई."

"उन्हें बुला सकते हैं?"

"गुज़र गईं, पिछले जाड़े में."

"किसी और ने सुना था?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या बिस्किटाच्या बशीकडे पाहत म्हणाले, "सुनने वाला एक है. वह कहेगा तो कहेगा. मैं उसके मुँह में शब्द नहीं डालूँगा. यह उद्धरण के नियम में नहीं बैठता."

धक्क्यावरच्या त्या टोळीसारखंच झालं होतं. मुखिया विचारत होता, कोणाच्या सांगण्यावरून? आणि एका माणसानं पुढे येऊन 'हव' म्हणायचं होतं. एवढंच.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "आप कुछ कहना चाहेंगे?"

मी म्हणालो, "सर मेरे बड़े हैं. मैं उन्हें क्षमा करता हूँ."

समितीतले एक जण हळवे झाले. प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला. 'उदारता' हा शब्द अहवालात आला. सरांना ताकीद मिळाली, लेख मागे घ्यायला लावला गेला, आणि संस्थेनं पुस्तक छापायचं रद्द केलं. मला बढती मिळाली. तपासणीला आलेल्या लोकांनी आमच्या समितीची फार स्तुती केली.

सरांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ते टपरीवर होते. चहा आला. त्यांनी काही तरी सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबले.

"हे लिहिणार अशीन तं आधीच सांगजो. म्हणजे मी नीट तपासून सांगतो. मांगच्या वेळी चूक झाली."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक गोष्टीआधी ते मला हा प्रश्न विचारत. "लिहिणार आहेस का?" मी नाही म्हणायचो. मग ते सैल होऊन सांगत. त्यानंतर मी खरंच काही लिहिलं नाही. लोकांना वाटलं, एका मोठ्या लेखानंतर मी आता पुस्तकाची तयारी करून राहिलो आहे.

वहिनींचं वेगळं होतं. त्या प्रकरणानंतर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी चहा आणला, कप माझ्यासमोर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "घ्या. हा चहा म्या केला. बाहेर कोणाले सांगान, तं माझं नाव सांगजा."

सर आत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "आलं तुझ्या मावशीचं."

आता सर नाहीत. जाऊन बरीच वर्षं झाली. मी हे कोणाला न सांगता शांतपणे मेलो असतो आणि शोकसभेत माझ्याही नावानं पोकळी निर्माण झाली असती. पण मागच्या महिन्यात कॉलेजातून फोन आला. एक तरुण प्राध्यापिका बोलत होती. मुलगी आपल्याचकडची, मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. कॉलेज जुने निवडक लेख पुस्तकरूपानं काढत आहे आणि त्यात माझा गुढियारीवरचा लेख पहिला आहे, म्हणाली. फोटो पाठवा, म्हणाली. मग उत्साहानं पुढे म्हणाली, "और सर, पता है? हमने सॉफ़्टवेयर में डाला तो एक पुराने प्रोफ़ेसर का लेख पूरा लाल हो गया. उन्होंने आपका पूरा उठाया था! भूमिका में हम उसका उदाहरण दे रहे हैं, बच्चों को समझाने के लिए. नाम के साथ."

नाम के साथ. म्हणजे आता मशीनसुद्धा तेच म्हणत होतं. सगळीकडे हेच छापलं आहे, म्हणून हेच खरं आहे. मेलेला राजा पुन्हा कुदळ घेऊन निघाला होता.

मी फोन ठेवला आणि समता कॉलनीत गेलो. वहिनी आता तिथे मुलाकडे राहतात. दिसायला कमी झालं आहे, पण आवाजावरून मला ओळखलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं, रविवारपासून प्राचार्यांच्या खोलीपर्यंत. मध्ये कुठे थांबलो नाही. वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला रडू देतील.

"हे मले काहून सांगून राहिले?" वहिनी म्हणाल्या. "मले तं तवाच माहीत होतं. ज्यांले माहीत नाही त्यांले सांगा ना."

"सांगतो. लिहितोच आहे, वहिनी. सरांचं नाव घालून लिहितो."

"नाव तिथं घाला, जिथं खराब केलं. कॉलेजच्या पुस्तकात. बाकी ठिकाणी त्यांचं नाव घेऊन मोठे होऊ नका. एकदा झाले ना?"

म्हणून या लिखाणात सरांचं नाव नाही. माझंही नाही. पण त्या प्राध्यापिकेला मी फोन करून सगळं सांगितलं, नाव घालून. ती हळूच म्हणाली, "सर, हमारे फ़ॉर्मेट में मौखिक स्रोत का कॉलम ही नहीं है."

"मंग लेख काढून टाका."

"वो तो छपने जा चुका है सर. भूमिका रोक सकती हूँ. लेख में ज़्यादा से ज़्यादा एक फुटनोट जोड़ दूँगी." मग तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "लेकिन सर, फुटनोट कोई पढ़ता नहीं."

"मी पढतो," मी म्हणालो. "लिहून घे बेटा. मधे अर्धविराम कुठंच टाकू नको."

तिनं लिहून घेतलं. सरांच्या रीतीप्रमाणे मी सांगितलेली तळटीप अशी, फक्त तिथे सरांचं पूर्ण नाव आहे:

या लेखातली सगळी माहिती लेखकानं सरांकडून ऐकली. सरांना ती दाईंनी सांगितली. दाई गुढियारीत मुर्रा विकत. त्यांचं माहेर राजिमकडचं, सासर अभनपूरचं. जागा: कॉलेजसमोरची टपरी. तेव्हा चहा आणि भजी चालली होती. ऐकणारा मी एकटा. सरांनी माझं काहीही घेतलेलं नाही. समितीनं विचारलं तेव्हा मी हे सांगितलं नाही. हव, मला सरांनीच सांगितलं.

"हो गया सर?" तिनं विचारलं.

झालं नव्हतं. शेवटची ओळ राहिली होती. इसमें मेरा क्या है? मी बराच विचार केला. तो मुलगा आठवला. त्याची निदान लिखावट तरी त्याची होती. माझा लेख मी बाजारातून टाइप करून घेतला होता.

"लिही," मी म्हणालो. "काही नाही."